अल्जिब्रा वन, जॉमेट्री की अल्जिब्रा टू? राज्य मंडळाची नववी करून न्यू जर्सीच्या शाळेत जाताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी पुण्यात राज्य मंडळाच्या सेमी-इंग्रजी शाळेत नववीत आहे. एप्रिलमध्ये नववी संपेल, जूनमध्ये तुम्ही सगळे न्यू जर्सीला जाणार, आणि सप्टेंबरपासून ती तिथे दहावीत बसेल. तिथल्या काउन्सेलरने (मुलांचे कोर्स ठरवणारा शाळेचा सल्लागार) विचारलंय की तिला अल्जिब्रा वन, जॉमेट्री की अल्जिब्रा टू द्यायचं. शाळेच्या यादीत गणिताची वीसेक नावं दिसतात आणि त्यातलं आपल्या नववीच्या बरोबरीचं कोणतं ते समजत नाही. शिवाय जायच्या आधी दहावीचं पुस्तक उरकून घ्यावं का, हेही तुम्ही विचारलंय.

आपल्या नववीच्या बरोबरीचा एकही कोर्स त्या यादीत नाही. हे एकदा पक्कं ध्यानात घेतलं की पुढचं सोपं जातं. आपण गणित आडवं कापतो आणि ते उभं कापतात. आपल्याकडे आठवी, नववी, दहावी अशा प्रत्येक इयत्तेत थोडं बीजगणित, थोडी भूमिती, थोडी सांख्यिकी असते आणि तोच विषय दरवर्षी जरा खोल जातो. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत एक वर्ष फक्त बीजगणित, पुढचं वर्ष फक्त भूमिती, त्यानंतर पुन्हा बीजगणित. त्यामुळे तुमच्या मुलीचं अल्जिब्रा वन साधारण निम्मं झालंय आणि जॉमेट्रीही साधारण निम्मी झालीय, पण पूर्ण यातलं काहीच नाही. काउन्सेलरच्या फॉर्मवर मात्र 'पूर्ण' किंवा 'अपूर्ण' एवढे दोनच रकाने असतात. गोंधळ होतो तो इथे.

ही उभी मांडणी जुनी आहे. अमेरिकेत कॉलेजांनी प्रवेशासाठी एकेक विषय मागायला सुरुवात केली आणि शाळांनी तो विषय एकेका वर्षाचा कोर्स म्हणून लावला. हार्वर्डने बीजगणित १८२० मध्ये मागितलं आणि भूमिती १८४४ मध्ये. पुढे हेच रुळलं. आजचा नेहमीचा क्रम असा: अल्जिब्रा वन, जॉमेट्री, अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस (कॅल्क्युलसची पूर्वतयारी), कॅल्क्युलस. साध्या गतीने जाणारं मूल नववीत अल्जिब्रा वन घेतं आणि बारावीत प्रीकॅल्क्युलसपर्यंत पोहोचतं. वर्षभर पुढे असलेलं मूल अल्जिब्रा वन आठवीतच संपवतं आणि बारावीत कॅल्क्युलसला बसतं. दोन वर्षं पुढे असलेली मुलंही चांगल्या डिस्ट्रिक्टांत (एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था म्हणजे डिस्ट्रिक्ट) बरीच दिसतात.

म्हणून खरा प्रश्न 'नववी म्हणजे कोणता कोर्स' हा नाहीच. बारावीत तिला कुठे पोहोचायचंय ते आधी ठरवा आणि तिथून उलटं मोजा. इंजिनीअरिंग, फिजिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्सकडे कल असेल तर बारावीत कॅल्क्युलस असलेलं बरं; अशा शाखांसाठी बरीच कॉलेजं ते अपेक्षितच धरतात. बारावीत कॅल्क्युलस म्हणजे अकरावीत प्रीकॅल्क्युलस आणि दहावीत अल्जिब्रा टू. दहावीत तिला फक्त जॉमेट्री मिळाली तर साखळी एका वर्षाने सरकते आणि ती बारावीत प्रीकॅल्क्युलसवर थांबते. सप्टेंबरमधल्या एका टिकमार्कचा परिणाम दोन वर्षांनी कॉलेजच्या अर्जावर दिसतो. कल त्या बाजूचा नसेल तर ही घाई कशालाच नको. प्रीकॅल्क्युलस किंवा स्टॅटिस्टिक्सवर बारावी संपवून चांगल्या कॉलेजात जाणारी मुलं भरपूर आहेत.

आता नावांकडे वळू, कारण यादीत दिसणारी वीस नावं म्हणजे वीस वेगळे विषय नव्हेत. बहुतेक नावांत विषय आणि पातळी एकत्र लिहिलेली असते. 'जॉमेट्री सीपी', 'जॉमेट्री ऑनर्स', 'जॉमेट्री अ‍ॅक्सिलरेटेड' हा एकच विषय तीन पातळ्यांवर. सीपी म्हणजे कॉलेज प्रेप. नाव भारदस्त असलं तरी न्यू जर्सीच्या बऱ्याच शाळांत ती सर्वसाधारण पातळी असते. ऑनर्समध्ये धडे साधारण तेच, पण वेग जास्त, सिद्धता जास्त आणि परीक्षेत न शिकवलेल्या धाटणीचे प्रश्न. अनेक शाळांत ऑनर्सच्या गुणांना जीपीएमध्ये, म्हणजे सगळ्या विषयांच्या सरासरी श्रेणीत, जादा वजन मिळतं. 'अल्जिब्रा वन-ए' आणि 'वन-बी' अशी जोडी दिसली तर तो एका वर्षाचा कोर्स दोन वर्षांत पसरवलेला असतो. तुमच्या मुलीला चुकून तिथे टाकलं तर लगेच हरकत घ्या. 'अल्जिब्रा लॅब' हा वेगळा कोर्स नसून जादा मदतीचा तास असतो. 'मॅथ अ‍ॅनालिसिस' म्हणजे बहुतेक ठिकाणी प्रीकॅल्क्युलसच. 'कॉलेज अल्जिब्रा' हे नाव ऐकून पालक हुरळतात, पण त्यातला बराचसा भाग अल्जिब्रा टूचीच उजळणी असतो. एपी म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा कोर्स. एपी कॅल्क्युलसच्या एबी आणि बीसी या दोन क्रमाने घ्यायच्या पायऱ्या नाहीत. बीसीमध्ये एबीचं सगळं असतं आणि वर अनंत श्रेढी वगैरे भाग, त्यामुळे तयारी असेल तर प्रीकॅल्क्युलसनंतर थेट बीसी घेता येतं.

नावावर विसंबू नका असं मी आग्रहाने सांगतो त्यालाही कारण आहे. न्यूयॉर्क राज्यात काही वर्षांपूर्वी 'इंटिग्रेटेड अल्जिब्रा' नावाचा कोर्स होता; इंटिग्रेटेड म्हणजे आपल्यासारखं एकत्रित गणित असं वाटेल, पण घडणीने तो सरळ बीजगणिताचाच. जॉर्जियाने २०२३-२४ पासून 'अल्जिब्रा: कन्सेप्ट्स अँड कनेक्शन्स' अशी नावं आणली. नॉर्थ कॅरोलायनात 'मॅथ वन, टू, थ्री' आहे आणि युटामध्ये 'सेकंडरी मॅथ वन, टू, थ्री'. ही शेवटची दोन राज्यं खरोखर आपल्यासारखं आडवं कापतात. कॅलिफोर्नियात तर शेजारशेजारच्या डिस्ट्रिक्टांत दोन पद्धती सापडतात. तुमची बदली पुढे अशा राज्यात होण्याची शक्यता असेल तर ती शाळेचं वर्ष संपल्यावर व्हावी असं बघा. मॅथ टू अर्धवट सोडून जॉमेट्रीत जाणं हे मुलांना सगळ्यात जड जातं, कारण काही धडे दोनदा होतात आणि काही कधीच होत नाहीत.

नावापलीकडचं बघायचं तर शाळेचं 'प्रोग्रॅम ऑफ स्टडीज' उघडा. बहुतेक हायस्कुलं ते दरवर्षी संकेतस्थळावर टाकतात. त्यात गणिताच्या पानावर बाणांचा एक तक्ता असतो, कोणत्या कोर्सनंतर कोणता, आणि प्रत्येक कोर्सखाली अट लिहिलेली असते, उदाहरणार्थ 'आधीच्या कोर्सात किमान बी' किंवा 'शिक्षकांची शिफारस'. कोर्सशेजारी पाच आकडी एससीईडी क्रमांक दिला असेल तर फारच उत्तम. हे क्रमांक देशभर सारखे असतात: ०२०५२ म्हणजे अल्जिब्रा वन, ०२०७२ जॉमेट्री, ०२०५६ अल्जिब्रा टू, ०२११० प्रीकॅल्क्युलस. शाळेने काहीही नाव ठेवलं तरी आत काय आहे ते यावरून कळतं.

आता तुमच्या मुलीचं नेमकं काय झालंय ते पाहू. राज्य मंडळाच्या नववीच्या गणित भाग १ मध्ये संच, वास्तव संख्या, बहुपदी, गुणोत्तर व प्रमाण, दोन चलांतील रेषीय समीकरणे, अर्थनियोजन आणि सांख्यिकी आहे. अल्जिब्रा वनच्या दृष्टीने यातलं बहुपदी आणि रेषीय समीकरणं हे मोठं भांडवल. अवयव पाडायला तर ती आठवीतच शिकलीय. पण वर्गसमीकरण सोडवणं आपल्याकडे दहावीत येतं आणि तिथे ते अल्जिब्रा वनमध्येच असतं. असमानता, फंक्शन, घातांकी वाढ आणि विखुरलेल्या बिंदूंमधून रेषा बसवणं हे आपल्या नववीत नाहीच म्हटलं तरी चालेल. रेषेचा आलेख ती काढते, पण रेषेचा चढ आपल्याकडे दहावीच्या निर्देशक भूमितीत आहे. तिकडे चढ हा अल्जिब्रा वनचा कणाच आहे.

प्लेसमेंट टेस्टमध्ये, म्हणजे कोणत्या कोर्सात बसवायचं ते ठरवणाऱ्या शाळेच्या परीक्षेत, आपली मुलं नेमकी कुठे अडतात ते एका प्रश्नातून दाखवतो. प्रश्न असा येतो: एका गावाची लोकसंख्या 'एफ ऑफ टी बरोबर २०,००० गुणिले १.०३ चा टी-वा घात' या सूत्राने मिळते, टी म्हणजे वर्षं. तर २०,००० आणि १.०३ या संख्यांचा अर्थ सांगा. तुमच्या मुलीने आठवीत चक्रवाढ व्याज केलंय. मुद्दल २०,०००, दर ३ टक्के, रास काढा, हे ती डोळे मिटून करेल. गणित तेच आहे. पण इथे रास काढायला सांगितलेली नाही; सूत्र हातात देऊन त्यातला प्रत्येक भाग काय बोलतो ते विचारलंय. 'सुरुवातीची लोकसंख्या २०,००० आणि दरवर्षी ती आदल्या वर्षाच्या १.०३ पट होते, म्हणजे ३ टक्के वाढते' एवढं एक वाक्य लिहायचं असतं. आपली मुलं टीच्या जागी काहीतरी किंमत घालून उत्तर काढत बसतात. तिला गणित येत नाही असा शिक्का मग बसतो आणि तो चुकीचा असतो. फंक्शनच्या चिन्हाचंही तसंच: बहुपदीच्या धड्यात 'पी ऑफ टू'ची किंमत तिने काढलेली आहे, फक्त त्याला फंक्शन म्हणतात आणि त्याचा आलेख असतो हे जोडायचं राहिलंय. अशा चार-पाच जोडण्या करून दिल्या की निम्मं अंतर भरून निघतं.

भूमितीत ती मजबूत असेल. समांतर रेषा, त्रिकोणांची एकरूपता, चौकोन, वर्तुळाची जीवा, त्रिकोणमितीची गुणोत्तरं हे नववीच्या भाग २ मध्ये झालंय. शिवाय पक्ष, साध्य, सिद्धता लिहायची सवय आहे आणि प्रत्येक पायरीशेजारी कारण लिहायची शिस्तही. तिकडे सिद्धता दोन रकान्यांत लिहितात, डावीकडे विधान आणि उजवीकडे कारण. तिला ते तासाभरात जमेल. अमेरिकेत अल्जिब्राहून आलेली मुलं जॉमेट्रीत पहिले दोन महिने याच सिद्धतेपाशी धडपडतात. तिला नवीन काय असेल? सरकवणं, फिरवणं, आरशातली प्रतिमा या हालचालींवरून एकरूपतेची व्याख्या करणं. आणि आपल्या दहावीत येणारी समरूपता, स्पर्शिका, अंतर्लिखित कोन, अंतराचं सूत्र. ही यादी छोटी नाही, म्हणून जॉमेट्री अजिबात गाळू नये असं माझं ठाम मत आहे. न्यू जर्सीत अकरावीत होणारी पदवी-पात्रता परीक्षा, एनजेजीपीए, गणितात अल्जिब्रा वन आणि जॉमेट्री यांवरच असते. राज्याला हायस्कूल पूर्ण करण्यासाठी गणिताची १५ क्रेडिट्स लागतात, वर्षभराच्या कोर्सला ५ याप्रमाणे तीन वर्षं, आणि त्यात अल्जिब्रा वन, जॉमेट्री किंवा त्यांच्या तोडीचा मजकूर आणि त्यावर उभा राहणारा तिसरा कोर्स हवा.

'तोडीचा मजकूर' या तरतुदीचा आधार तुम्हाला घ्यायचाय. तिकडचं हायस्कूल नववीपासून सुरू होतं, म्हणजे पुण्यातली नववी हे तिच्या हायस्कूलचं पहिलं वर्ष ठरतं आणि त्या वर्षाची क्रेडिट्स सगळ्याच विषयांत मिळायला हवीत. नुसतं प्रगतिपत्रक पाठवून भागत नाही. सोबत दोन्ही भागांच्या इंग्रजी पुस्तकांची अनुक्रमणिका जोडा. बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मिळतात. त्यावर एक पानभर तक्ता करा: डावीकडे आपला धडा, उजवीकडे त्यांच्या कोणत्या कोर्सात तो येतो. आठवीचे विस्तारसूत्रे, अवयव, एका चलातील समीकरणे, चक्रवाढ व्याज हेही त्यात घाला. काउन्सेलरला आपोआप कळणार नाही की हे आठवीतच झालंय.

गुणांबद्दल विशेष काळजी घ्या. आपल्याकडे ७५ टक्क्यांना विशेष प्रावीण्य म्हणतात. तिकडे बहुतेक शाळांत ९० च्या वर ए, ८० च्या वर बी आणि ७० च्या वर सी. तिचे ७८ टक्के गुण तिथे सी प्लस म्हणून वाचले जातात आणि ऑनर्सचं दार तिथेच बंद होतं. मुख्याध्यापकांच्या सहीचं शाळेच्या लेटरहेडवर एक पत्र घ्या: ७५ च्या वर विशेष प्रावीण्य, ६० च्या वर प्रथम श्रेणी, ३५ ला उत्तीर्ण, आणि शक्य असेल तर वर्गात तिचा क्रमांक कुठे लागतो तेही. हे पत्र शाळा चालू असतानाच घ्या. मे महिन्यात कार्यालयात कोणी सापडत नाही.

मग मागायचं काय? माझी पसंती अशी. अल्जिब्रा वनची परीक्षा देऊन ते पूर्ण झाल्याचं मान्य करून घ्यायचं आणि दहावीत जॉमेट्री आणि अल्जिब्रा टू दोन्ही एकदम घ्यायचे. याला तिथे 'डबल अप' म्हणतात आणि अनेक शाळा त्याला परवानगी देतात. दोन्ही कोर्स एकमेकांवर फारसे अवलंबून नसल्याने हे जमतं. जॉमेट्री निम्मी झालेली असल्याने तिला श्वास घ्यायला जागा मिळते. किंमत अशी की एखादा ऐच्छिक विषय, संगीत किंवा चित्रकला, एका वर्षापुरता सोडावा लागतो. तिला त्यात रस असेल तर हे तिच्याशी बोलूनच ठरवा. दुसरा रस्ता म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये जॉमेट्रीचा उन्हाळी कोर्स करून सप्टेंबरला थेट अल्जिब्रा टू. न्यू जर्सीत बाहेरचा अभ्यासक्रम धरण्याची सोय 'ऑप्शन टू' नावाने ओळखली जाते, पण नियम डिस्ट्रिक्टागणिक बदलतात आणि परवानगी आधी घ्यावी लागते. जूनमध्ये पोहोचून भाडेकरारासारखा पत्त्याचा पुरावा हाती येईपर्यंत शाळेत नावच नोंदवलं जात नाही, त्यामुळे हा रस्ता बहुतेकांच्या हातून निसटतो. उलट क्रम, म्हणजे अल्जिब्रा टू उन्हाळ्यात उरकणं, मी सुचवणार नाही. लॉगॅरिथम, संमिश्र संख्या, त्रिकोणमितीय फंक्शन असं सगळं सहा आठवड्यांत कोंबलं की प्रीकॅल्क्युलसमध्ये पाया हलतो.

परीक्षेत अल्जिब्रा वन कच्चं निघालं तर? तर दहावीत अल्जिब्रा वन आणि जॉमेट्री एकदम, अकरावीत अल्जिब्रा टू, बारावीत प्रीकॅल्क्युलस. यात कमीपणा काही नाही. फक्त जॉमेट्रीविना नुसतं अल्जिब्रा वन घेऊन दहावीचं वर्ष घालवू नका, कारण मग बारावीत गाडी अल्जिब्रा टूवरच थांबते.

दहावीचं पुस्तक उरकावं का, तर निवडून. एप्रिल ते ऑगस्ट असे चार-पाच महिने आहेत. भाग १ मधून वर्गसमीकरणे पूर्ण करा. दोन चलांतील रेषीय समीकरणांचा धडा करा, पण निश्चयक आणि क्रेमरची पद्धत सोडून द्या. तिला ती या वर्षी लागणार नाही. अर्थनियोजनातला जीएसटी आणि शेअर्स गाळा. भाग २ मधून निर्देशक भूमिती सगळ्यात आधी, कारण चढ तिथे आहे. मग समरूपता, मग वर्तुळ. भौमितिक रचनांना वेळ देऊ नका. यासोबत आपल्या पुस्तकात नसलेल्या गोष्टी खान अकॅडमीच्या अल्जिब्रा वन कोर्सातून करा: असमानता, फंक्शन, घातांकी वाढ, विखुरलेले बिंदू. तो मोफत आहे. आधी तिला त्यातलं कोर्स चॅलेंज, म्हणजे सगळ्या कोर्सावरची चाचणी, सोडवायला द्या आणि जे चुकेल तेवढंच शिकवा. पूर्ण कोर्स पहिल्यापासून बघायला लावलात तर ती कंटाळेल, कारण निम्मं तिला येतंय.

शब्दांची तयारी एका दुपारचं काम आहे, पण ती करायलाच हवी. सेमी-इंग्रजीत ती ज्याला सर्ड म्हणते त्याला तिकडे रॅडिकल म्हणतात, इंडेक्सला एक्स्पोनंट, एचसीएफला जीसीएफ, ट्रॅपेझियमला ट्रॅपेझॉइड, बॉडमासला पेमडास. फूट, इंच, मैल, गॅलन यांचं रूपांतर डोक्यात नसतं, ते बसवून घ्या. डेस्मॉस हा आलेखाचा कॅल्क्युलेटर वापरायला आत्तापासून शिकवा. वर्गात तो सर्रास चालतो आणि डिजिटल सॅटच्या (कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा) गणिताच्या भागात तो दिलेलाच असतो. आपल्या मुलांना कॅल्क्युलेटर वापरणं म्हणजे लबाडी वाटते. ती अढी गेली पाहिजे, कारण काही प्रश्न त्याच्याशिवाय सुटावेत अशा बेताने काढलेलेच नसतात.

काउन्सेलरला आत्ताच ईमेल करा आणि एवढंच विचारा: प्लेसमेंट टेस्ट कधी असते आणि ती अल्जिब्रा वनच्या वार्षिक परीक्षेसारखी असते का, कॅल्क्युलेटर चालतो का, दहावीत जॉमेट्री आणि अल्जिब्रा टू एकत्र देता का, ऑनर्ससाठी परदेशी गुण कसे धरता, आणि सप्टेंबरमध्ये पातळी बदलायची शेवटची तारीख कोणती. शेवटचा प्रश्न विसरू नका. बऱ्याच शाळा सुरुवातीच्या काही आठवड्यांत सीपीतून ऑनर्समध्ये किंवा उलट बदल करू देतात, पुढे तो बदल फार कठीण होतो. त्या आठवड्यांत तिचा गृहपाठ रोज नजरेखालून घाला. सगळं वीस मिनिटांत आणि न चुकता होत असेल तर पातळी कमी पडतेय. लगेच शिक्षकांना भेटा आणि त्या वह्या सोबत न्या.